डाव्या दिव्याचा बॅलास्ट

बायको पौषात गेली. मुलाने धुळ्याच्या घराला कुलूप लावलं आणि मला जळगावला, पिंप्राळ्यात आणून ठेवलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, माझे गुडघे गेलेले. सून चांगली आहे, दोन्ही वेळा गरम भाकरी देते. पण भाकरी मिळते म्हणून कोंडवाडा काही घर होत नाही.

आमच्यात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्या दिवशी ते माणूस पाणी प्यायला घरी येतं म्हणतात. पहिल्या वर्षाची घागर तर चुकवायचीच नाही. मुलाने भरायची, आणि बाई जिथे नांदली त्या घरात भरायची. मुलाला सुट्टी नव्हती. ठरलं असं की आदल्या दिवशी पाचला ड्यूटी सुटली की त्याच्या गाडीने धुळ्याला निघायचं, सकाळी घागर भरायची आणि दुपारच्या पाळीला परत यायचं. एसटीत त्या दिवशी माहेरी निघालेल्या पोरीबाळींची ही गर्दी. दोन-अडीच तास उभं राहणं माझ्याच्याने होत नाही.

आणि नेमका चार दिवस आधी गाडीचा डावा दिवा गेला. लावला की पांढरा पेटायचा, गुलाबी पडायचा, फडफडून विझायचा.

मुलगा म्हणाला, "नाना, एका दिव्यावर हायवेला नाही नेणार. पोचेपर्यंत अंधार होईल, आणि पहाटे निघायचं तरी अंधारच. समोरच्या ट्रकवाल्याला मोटारसायकल वाटते."

बरोबरच होतं त्याचं. म्हणून जास्त राग आला.

मी शिकलो चौथीपर्यंत, पण चाळीस वर्षं ट्रकची वायरिंग केली आहे. धरून धरून जिना उतरलो. आधी डावा बल्ब उजवीकडे लावला, उजवा डावीकडे. तरी डावा बंदच. म्हणजे बल्ब चांगला. मग दोन्हीकडचे बॅलास्ट आपसात बदलून पाहिले. बॅलास्ट म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टचे हजारो करून बल्ब पेटवणारी डबी. आता डावा पेटला, उजवा विझला. आजार डबीबरोबर गेला. उघडून पाहिली तर आत पाणी शिरून हिरवा गंज.

नवी डबी नाशिकहून यायला आठ दिवस लागणार होते. तीन दिवस फोन करून करून एक भंगारवाला सापडला. त्याच्याकडे जुनी एकच होती. आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने ती आणून दिली आणि जाताना म्हणाला, "आबा, गाडीले लाईसन देखा. ठिणगी नका देखू."

गाडीला लावूनच बघा म्हणे, मला शिकवतो! आम्ही जन्मभर तार बॉडीला टेकवून ठिणगी बघतच माल पारखला. भंगारातली वस्तू, बसवायच्या आधी पाहून घेऊ म्हटलं. डबीला बॅटरी जोडली, पक्कडीत तिची बल्बकडे जाणारी जाड तार धरली आणि बॉडीला टेकवली. कट्कन् आवाज झाला, जळका वास आला. संपलं. दोन स्क्रू आवळून बल्ब लावून पाहिला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

पाचला मुलगा बॅग घेऊनच आला. "लागला का दिवा?"

"मी जाळली डबी."

"म्हणजे?"

"ठिणगी बघितली."

तो बोनेटला टेकून उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "तुमचा हा धंदा ना, नाना..." म्हणाला आणि मला धरून वर घेऊन आला. प्रत्येक मजल्यावर थांबलो.

सकाळी सुनेने घागर मांडली. वर खरबूज, सांजोरी, आंबे. मुलाने पाणी घातलं. म्हणाला, "आईला काय नाना, धुळं आणि जळगाव. येईल ती."

"तिने हा जिना तरी पाहिलाय का?" मी म्हणालो. "बोलावलंस कधी?"

त्याने ताट पुढे ओढलं. थोडं जेवून ड्यूटीवर गेला. मी बोलायला नको होतं. डबी त्याने जाळली नव्हती.

मग मी दार सताड उघडं टाकलं आणि उंबऱ्याजवळ खुर्ची घेऊन बसलो. सून म्हणाली, "नाना, लावू का दार? मांजर येतं."

"राहू दे."

जिन्यात पावलं वाजली की मी पुढे वाकायचो. पावलं वरच्या मजल्यावर निघून जायची.