सात तारांपैकी तीन

सगळी वस्ती तिला टेस्टरबाई म्हणायची. अंबाड्यात आकड्याऐवजी टेस्टर खोचायची सवय, त्यावरून पडलेलं नाव. नवरा वायरमन. तो शिडीवरून पडला, खांदा कामातून गेला, तेव्हा आजवर शिडी धरणारी ती वर चढली आणि तो खाली शिडी धरू लागला. सुरुवातीला लोक दार उघडून तिच्या मागे बघत.

"मिस्त्री कुठायत?"

"ही काय, समोर उभी आहे. शिडी धरायला त्यांनाही आणलंय."

बावीस वर्षांत तिने जोडलेल्या बोर्डाला पुन्हा हात लावायची वेळ कुणावर आली नव्हती, आणि हे ती स्वतःच सांगायची. त्यात लाजायचं काय?

त्या दिवशी सकाळी अकराला लेकीचा फोन आला. लेकीचं सासर तीन गल्ल्या पलीकडे. तिथे ती घरच्या घरी पाव भाजायचा धंदा उभा करत होती. मोठा ओव्हन येऊन आठवडा झाला होता आणि शाळेच्या कॅन्टीनची पहिली मोठी ऑर्डर दुसऱ्याच दिवसाची होती.

"आई, ओव्हन परत चाललाय," लेक दबक्या आवाजात म्हणाली. "प्लगपाशी जळका वास येतो. बाबा म्हणतात, ओव्हनच भिकार आहे. दुकानदार आजपर्यंतच परत घेणार आहे, म्हणून चारचा टेम्पो सांगितलाय त्यांनी."

सासऱ्यांना ती बाबा म्हणायची.

"सॉकेट कुणी जोडलं?"

पलीकडून हळूच, "बाबांनीच."

"आणि मी काय मेले होते?"

"म्हणाले, एवढ्याशा कामाला विहीणबाईंना कशाला त्रास. तू ये, पण त्यांना काही बोलू नकोस हं."

"ते सॉकेट उघडल्यावर बघू," म्हणत तिने पिशवी उचलली.

व्याही एका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाले होते. खिळे-स्क्रू मोजण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे घरातही कपाटभर डबे आणि डब्यांवर चिठ्ठ्या. विहिणीला बघून ते हसले.

"या विहीणबाई. ओव्हन बघायला आलात? बघून घ्या, चारपर्यंतचाच पाहुणा आहे तो."

"ओव्हन नाही, भिंत बघायला आलेय."

तिने मेन स्विच पाडला, अंबाड्यातला टेस्टर काढून वीज गेल्याची खात्री केली आणि सॉकेटचे स्क्रू सोडवले. झाकण हातात आलं तेव्हा त्याची आतली बाजू तपकिरी पडून वितळायला लागली होती.

"केबल जाड घेतलीत," ती म्हणाली.

"मग! बारीक वायर तापते, एवढं कळतं मला. दहा एमएमची आहे. ओव्हनच काय, अख्खी गल्ली चालेल तिच्यावर."

"केबल झकास आहे व्याहीबुवा. पण एवढी जाड केबल या सॉकेटच्या भोकात शिरली कशी?"

व्याही चष्मा पुसायला लागले. लेक ओट्याकडे वळून घासलेलंच भांडं पुन्हा घासू लागली.

टेस्टरबाईने वायर ओढून काढली. टोकाला सातांऐवजी तीनच तारा होत्या. उरलेल्या चार पक्कडीने बुडाशी छाटलेल्या.

एखादा स्क्रू ढिला होता असं म्हणून तिला वेळ मारून नेता आली असती. व्याह्यांचा मान राहिला असता, ओव्हनही राहिला असता. पण हा माणूस पुढच्या वेळी पुन्हा पक्कड घेऊन बसला असता, आणि झोपायला लेक याच घरात होती.

"ओव्हनचा दोष नाही. ओव्हनला लागणारी सगळी वीज या तीन तारांवर येतेय. हमरस्ता आणलात आणि दाराशी बोळ केलात. तापणार नाही तर काय होणार?"

"आई!" लेक पुटपुटली.

व्याह्यांचा चेहरा लाल झाला. "तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय मी. केबल मला शिकवू नका."

"स्टोअर सांभाळलेल्या माणसाने छाटलेल्या तारा फेकल्या नसणार. आणा बघू."

व्याह्यांनी कपाटाच्या तिसऱ्या फळीवरून एक डबी काढली. चिठ्ठीवर सुरेख अक्षरात लिहिलेलं, 'तांबे, तुकडे'. डबी टेबलावर उपडी करून त्यांनी स्वतःच मोजायला घेतलं. केबलमधल्या तीन वायरी, प्रत्येकीचे चार, बारा. सवयीने पुन्हा एकदा मोजलं. मग तांब्याची ती ढिगली तळहातावर घेतली.

"अर्ध्याहून जास्त बाहेरच राहिलं की हो," ते म्हणाले. मग लेकीला, "सूनबाई, टेम्पोवाल्याला फोन लाव. येऊ नको म्हणावं."

टेस्टरबाईने भिंतीवर वायरी जोडायचा एक डबा बसवला. जाड केबलची जळकी टोकं कापून साती तारा डब्यातल्या पितळी कनेक्टरमध्ये कसल्या. तिथून पुढे नव्या सॉकेटपर्यंत, त्याच्या भोकात अख्खी बसेल अशी चार एमएमची वायर. मग बोर्डातला बत्तीस अँपिअरचा एमसीबी, जादा भाराला आपोआप पडणारा स्विच, काढून सोळाचा घातला.

"हा का बदलला?" व्याह्यांनी विचारलं. या वेळी खरंच विचारलं.

"जाड केबलच्या भरवशावर बारीक तुकडा जळायला नको. एमसीबी नेहमी सगळ्यात बारकीला सांभाळणारा हवा."

ओव्हन पूर्ण आचेवर तासभर चालवला. पावांची पहिली ताटली बाहेर आली, लेकीने दुसरी आत सरकवली. टेस्टरबाईने व्याह्यांचा हात धरून प्लगवर ठेवला.

"कोमट," ते म्हणाले. "नुसता कोमट."

"एवढा चालतो."

लेक उद्याच्या पिठाचं माप काढायला बसली. टेस्टरबाई पक्कड पिशवीत टाकत होती, तेवढ्यात व्याही जवळ येऊन खाकरले.

"विहीणबाई, एक सांगायचं राहिलं. गिझरचं सॉकेटपण मीच जोडलंय."

तिने पक्कड परत बाहेर काढली. "शिडी आहे ना घरात?"

"आहे."

"आणा. आणि धरायला तुम्हीच थांबा."