अवसेच्या बैठकीतलं एक लग्न

दादा गेल्यानंतर काही आठवड्यांनी वहिनीनं एक हार्ड डिस्क माझ्या हातात ठेवली. काळी, तळहाताएवढी. वर चिकटपट्टीवर दादाच्या अक्षरात दौंड तालुक्यातल्या एका गावाचं नाव होतं.

"यातलं लग्न अर्धं राहिलंय," ती म्हणाली. "मुलीकडच्यांचा फोन येतो. घाई करत नाहीत बिचारे, नुसती चौकशी करतात. पण मला तो कॉम्प्युटर चालू करायला होत नाही हो, वन्सं."

दादा माझा थोरला भाऊ. दौंडच्या रेल्वे कॉलनीत आम्ही लहानाचे मोठे झालो. वडिलांसारखी रेल्वेत नोकरी करायची सोडून त्यानं कॅमेरा घेतला आणि स्टेशनजवळ स्टुडिओ टाकला. लग्नाचं चित्रण करायचं, ते कापून-जोडून त्याची डीव्हीडी करून द्यायची, हा त्याचा धंदा. मी लग्न होऊन शिरूरला आले, इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्याच्या कामातलं मला फारसं कळत नव्हतं. एक गोष्ट मात्र त्यानं इतक्यांदा सांगितली होती की ती मला पाठ होती. कॅमेरा धरणाऱ्याचा आवाज डिस्कमध्ये राहता कामा नये. "फोटोत बोट आल्यासारखं वाटतं गं ते," तो म्हणायचा. चित्रण करताना तो अखंड बोलायचा. नवरदेव, खांदा सैल सोडा. मावशी, ताट जरा तिरकं. घरी येऊन कापायला बसला की स्वतःचा शब्दन् शब्द काढून टाकायचा.

त्या रात्री मी डिस्क माझ्या कॉम्प्युटरला लावली. पहिलाच तुकडा उघडला आणि अगदी जवळून त्याचा आवाज आला, "हां, आता चाला. हळू." मी तुकडा बंद केला. पुढचा उघडला नाही, डिस्क ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

तेव्हापासून एक विचार मनात येत राहिला. दौंड आणि शिरूर, दोन्ही तालुक्यांतल्या किती तरी घरांत दादानं केलेल्या डिस्का आहेत. टीव्हीखालच्या कप्प्यात, कपाटात, साड्यांच्या घडीत. त्यांतल्या एकाही डिस्कमध्ये तो नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये तो होता, पण ते माझ्यापुरतं. कुठल्या तरी घरात, कुणी सहज टीव्ही लावला तर तो ऐकू यावा, असं मला वाटत होतं. हे शेवटचं लग्न. यात नाही राहिला तर कुठेच राहणार नव्हता. आणि यात ठेवला तर त्याला ते आवडलं नसतं, हेही मला माहीत होतं. म्हणून मी हे कुणालाच बोलले नाही.

दादा ज्या बैठकीला दर महिन्याला यायचा तिथे डिस्क न्यायचं मी ठरवलं.

ही बैठक अमावास्येला भरते. पुण्याच्या एका विक्रेत्यानं इकडच्या व्हिडिओवाल्यांना एकच सॉफ्टवेअर विकलं होतं आणि ते वापरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा भेटावं, एकमेकांच्या अडचणी सोडवाव्यात, असं ठरवून दिलं होतं. त्यानं ठेवलेलं लांबलचक नाव कुणी लक्षात ठेवलं नाही. अमावास्येला लग्न नसतं, सगळे मोकळे असतात, म्हणून ती अवसेची बैठक झाली. पावसाळ्यात लग्नं नसली तरी बैठक अवसेलाच, सवयीनं. जागा शिरूरचं एक मंगल कार्यालय. त्या दिवशी तेही रिकामंच असतं.

मी पोचले तेव्हा वधूवरांच्या स्टेजवर एक जुना, जाडजूड टीव्ही आणि त्याहून जुना डीव्हीडी प्लेअर मांडला होता. समोर लाल गादीच्या खुर्च्यांवर दहा-बारा जण. नवरदेवाच्या खुर्चीत शिरूरचे आप्पा बसले होते. यांतले सगळ्यांत वडील, फिल्मच्या काळापासूनचे फोटोग्राफर.

"आप्पा, दुसऱ्याचा इचार हाय का काय?" कुणीतरी म्हणालं.

"पहिलीला इचारून सांगतो," आप्पा म्हणाले आणि मला बघून उठले. "या ताई. बसा. तुमचं शेवटी घेऊ, सावकाश बघता येईल."

बैठकीची रीत अशी होती की प्रत्येकानं महिन्याभरात केलेली एक डिस्क त्या जुन्या प्लेअरवर लावून दाखवायची. कॉम्प्युटरवर सगळं ठीकच दिसतं, आप्पांनी मला समजावलं, पण गिऱ्हाइकाच्या घरचा प्लेअर जुना असतो, खरी परीक्षा तिथं. डिस्क लावली की आधी पडद्यावर मेन्यू येतो. गणपतीचं चित्र, खाली बटणं. साखरपुडा, हळद, मंगलाष्टक, पाठवणी. प्रत्येक बटण दाबून बघायचं.

न्हावरे गावच्या एकाची डिस्क लावली. हळदीचं बटण दाबलं आणि नवरी रडत गाडीत बसताना दिसली.

"आरं, हळद लागायच्या आदीच पोरगी धाडली व्हय?"

"जेवाय तरी थांबवायची व्हती!"

न्हावऱ्याचा माणूस कपाळाला हात लावून हसत होता. "बटनं जोडताना घरात दळण आन् म्हणून हाका चालल्या व्हत्या, काय करू?"

मला वाटलं होतं, तिथे बसणं जड जाईल. तसं झालं नाही. दादाची खुर्ची म्हणून कुठली वेगळी ठेवलेली नव्हती. लोक आपापलं काम दाखवत होते, चुकलं तर हसत होते. दादाला इथे सगळे भाऊ म्हणत; अधूनमधून "भाऊंनी असं दाखवलं व्हतं" असा उल्लेख यायचा आणि काम पुढे जायचं.

माझी डिस्क निघाली तेव्हा दुपार कलली होती. ती लॅपटॉपला जोडून बसला तो रांजणगावच्या कंपनीत पाळीनं काम करणारा एक जण. सुटीच्या दिवशी लग्नं करायचा. दादानं मंगलाष्टकांपर्यंत सगळं लावून ठेवलं होतं. राहिली होती फक्त पाठवणी आणि मेन्यू.

"हे आजच्या आज व्हतंय, ताई," तो म्हणाला. "भाऊंचं काम म्हंजी आपल्याला नुसतं पॅकिंग."

मी म्हटलं, एक गोष्ट आहे. मुलीच्या आजोबांनी, आबांनी, फोनवर वहिनीला बजावून सांगितलंय, माझं बोलणं कापू नका, सगळ्या लग्नात मी तेवढंच बोललोय.

पाठवणी लावली. संध्याकाळचं पिवळं ऊन, फुलांनी मढवलेली जीप. फेटा बांधलेले उंच आबा नातीच्या डोक्यावर हात ठेवून उभे. "बाय माझे," ते म्हणतात आणि थांबतात. ओठ हलतात, पण पुढचं काही येत नाही. मागून कुणीतरी म्हणतं, चला, उशीर होतोय. आबा हात काढून घेतात. आणि मग अगदी जवळून, सगळ्यांच्या वर दादाचा आवाज.

"थांबा ओ जरा. आबा, बोला तुमी. सावकाश बोला. कॅमेऱ्याच्या कार्डात जागा हाय भरपूर."

आबा सरळ कॅमेऱ्यात बघतात. "जागा हाय व्हय? मग आईक गं बाय. तितं गेल्यावर पहाटं उठू नगंस. हितं माज्यासंगं उठत हुतीस गोठ्यात, लय उठलीस. तितं जरा नीज. कुनी बोललं तर म्हनावं, आज्यानं सांगितलंय. ह्यो बाबा साक्षीला हाय. हाईस का न्हाई रं?"

"हाय, आबा," दादा म्हणतो. "साक्षीला हाय."

मी हातातल्या पिशवीकडे बघत राहिले.

रांजणगावच्यानं तुकडा थांबवला. "भाऊंचा आवाज तेवढा काढतो." त्यानं दादाची वाक्यं निवडून मुकी केली आणि परत लावलं. आता आबा गप्प उभे होते, बराच वेळ. मग एकाएकी मान वर करून हवेला म्हणाले, "जागा हाय व्हय?"

लोक हसले. आप्पाही हसले, मग म्हणाले, "न्हाई बाबा. म्हातारा भ्रमिष्ट दिसतोय ह्याच्यात."

"सनई टाकू वरनं?"

"मग आबाचं बोलणं जातंय. तेच तर नको म्हनालेत."

"भाऊंच्या जागी दुसऱ्या कुणाचा आवाज घालू. आप्पा, तुमी बोला."

"मी कशाला बोलू त्याच्या तोंडानं?" आप्पा म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या की भाऊंचा."

त्यावर दौंडचे एक गृहस्थ उठले. स्टेशनसमोर दादाच्या स्टुडिओपासून चार दुकानं सोडून यांचा स्टुडिओ. दोघांनी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली होती आणि एकमेकांचे कॅमेरेही अडीनडीला वापरले होते. "न्हाई," ते म्हणाले. "गेल्या साली माझ्या डिस्कमधी नुसतं 'हं' ऱ्हायलं व्हतं. ह्या माणसानं ह्याच टीव्हीवर तीनदा वाजवून दाखवलं सगळ्यांम्होरं. आन् आता त्याच्याच डिस्कमधी त्याची पाच-सहा वाक्यं? त्यो असता तर त्यानं पयलं हेच काढलं असतं. कसंबी करून काढलं असतं."

ते रागानं बोलत नव्हते. त्यांचे डोळे भरले होते. आणि ते म्हणत होते ते खरं होतं. मला हवं होतं त्याच्या उलट असलं तरी माझ्या भावाला इतक्या नीट ओळखणारा माणूस समोर उभा होता, आणि त्याला खोडून काढायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं. 'मला तो हवाय' हे कारण तिथं चालणारं नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"डिस्क कुणाची?" शेवटी आप्पाच म्हणाले. "गिऱ्हाइकाची. गिऱ्हाइकाला इचारा. ताई, लावा फोन."

मी फोन लावला आणि आप्पांनी खूण केली म्हणून स्पीकरवर टाकला. आबांनीच उचलला. मी कुणाची कोण ते सांगितलं नाही. म्हटलं, डिस्कच्या कामासाठी शिरूरहून बोलतेय.

"माजं बोलनं कापलं का काय?" ते ओरडलेच.

"नाही, आबा. तुमच्या बोलण्यात मधेमधे कॅमेरावाल्याचा आवाज आलाय. तसा ठेवत नाहीत. तो ठेवायचा की काढायचा, एवढंच विचारायचं होतं." शक्य तितक्या सपाट आवाजात मी हे म्हटलं. त्यांचं मन कुठल्याही बाजूला कलू नये म्हणून.

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"कॅमेरावाला वारला न्हवं?"

"हो."

"मग? म्या त्याच्यासंगट बोललोय. त्याचा सवाल काढनार आन् माजा जाब ठेवनार, तर म्या काय खांबासंगं बोललो व्हय? पोरीला साक्षीदार दिलाय म्या. त्योच काढून टाकला, तर सासरची काय म्हनतील? ऱ्हाऊ द्या. आन् आवाज जरा मोठा करा. त्याचा बी, माजा बी. आमच्या म्हातारीला कमी ऐकू येतंय."

फोन ठेवल्यावर मी दौंडच्या गृहस्थांकडे पाहिलं. ते खाली बसले होते, रुमालानं चष्मा पुसत.

"गिऱ्हाईक म्हनतंय तर ठेवा," ते म्हणाले. "पण तेवढंच. बाकी कुटं एक शबूद ऱ्हायला न्हाई पायजे. मी सोता ऐकतो."

आणि खरोखर त्यांनी खुर्ची पुढे ओढली, कानाला हेडफोन लावला आणि आख्खं लग्न पहिल्यापासून ऐकलं. मंगलाष्टकांच्या आधी एका जागी दादाचं अर्धवट "इकडं" राहिलं होतं. त्यांनी बोट वर केलं, रांजणगावच्यानं ते काढलं. तो शब्द जाताना मला काही वाटलं नाही. दादानंही तो काढलाच असता.

मग मेन्यू केला. बटणं न्हावऱ्याच्या माणसानं जोडली, त्यानं हट्टच धरला होता, आणि जोडून झाल्यावर एकेक दाबून सगळ्यांना दाखवलं. हळदीला हळदच आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी डिस्क द्यायला मी निघाले तेव्हा वहिनी म्हणाली, मीही येते. तिला मी काही सांगितलं नव्हतं. दौंडहून रिक्षानं गेलो. गाव भीमेच्या काठचं, दोन्हीकडे ऊस. ओसरीवर आबा आमची वाटच पाहत होते. नात माहेरी आली होती. टीव्हीसमोर सतरंज्या टाकलेल्या.

मी वहिनीला बाजूला घेऊन म्हटलं, "यात एका ठिकाणी दादा बोलतोय. तुला बाहेर बसायचं असेल तर..."

"बसते इथंच," ती म्हणाली आणि पाठीमागं, दाराशी टेकून बसली.

आबांनी मेन्यूवर दुसरं काही लावूच दिलं नाही. "पाठवनी लाव," म्हणाले. जीप आली, ऊन आलं, आबा अडखळले. मग दादाचा आवाज आला, आम्ही वाढवला होता त्यामुळे चांगलाच मोठा. थांबा ओ जरा. बोला तुमी.

आजीनं आबांना कोपरानं ढोसलं. "ह्यो कोन?"

"त्योच. कॅमेरावाला. गप."

पुढं सगळं ऐकून झालं. आबा नातीकडे वळले. "नीजतीस का मग?"

"कसली नीज, आबा?" ती हसून म्हणाली. "कुनी उठवत न्हाई, पण डोळाच उघडतोय पाच वाजता. मग बसते गादीवर तशीच."

"बसू नगंस. म्या काय सांगितलंय? पड. डोळं मिटून पड." आणि तिला पटावं म्हणून त्यांनी रिमोट उचलून पाठवणी परत सुरुवातीपासून लावली.

या वेळी दादाचं बोलणं यायच्या आधीच वहिनी उठून पुढे आली आणि नातीशेजारी सतरंजीवर बसली. तो "साक्षीला हाय" म्हणाला तेव्हा ती हळूच मला म्हणाली, "घसा बसलाय बघा त्यांचा. आदल्या दिवशी दोन कुल्फ्या खाल्ल्या होत्या. नको म्हटलं तरी."

आबांनी ते ऐकलं. "आवाज बसलाय का?" असं म्हणून त्यांनी कान पुढे केला आणि बटण दाबून तेवढंच पुन्हा लावलं.