तोंडाला काय लावलंय, बाई?

राज्यं नव्यानं आखली गेली आणि आमची नागपूरची कचेरी खुर्च्या-टेबलांसकट भोपाळला निघाली. दादा बांधकाम खात्यात कारकून, मी दुसऱ्या एका खात्यात टायपिस्ट. दोघांच्याही बदल्या एकाच आठवड्यात आल्या. दादा, वहिनी आणि मी असे तिघं जुन्या शहरात दोन खोल्या घेऊन राहिलो. माझं वय तेव्हा बावीस.

नागपूरच्या उन्हात वाढलेली मुलगी भोपाळच्या उन्हाला कशाला भिणार, असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही. पण घोटाळा उन्हाचा नव्हता, दिशेचा होता. आमचं घर पश्चिमेला आणि कचेरी पूर्वेला, टेकडीवरच्या जुन्या बराकीत. सकाळी जाताना सूर्य समोर, संध्याकाळी परतताना सूर्य पुन्हा समोर. त्यात अर्धा रस्ता तलावाच्या काठानं. वरून येणारं ऊन कमी पडत असेल म्हणून पाण्यावरून उलटून येणारं ऊन तोंडावर. होळी होते न होते तोच माझ्या नाकाची साल निघाली आणि दोन्ही गालांवर तांबडे चट्टे उठले.

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, तुमचं नाक उकडलेल्या बटाट्यासारखं सोललंय."

"मग काय करू? नाक घरी ठेवून जाऊ?"

"छत्री न्या."

दादाची छत्री नेली. ती डोक्यावर धरून काही उपयोग नव्हता, ऊन समोरून येत होतं. म्हणून मी ती ढालीसारखी पुढे धरून चालू लागले. पुढचं काही दिसत नसे, पण गालांना आराम होता. तिसऱ्या दिवशी छत्रीचं टोक एका शेरवानीवाल्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या पोटात गेलं. ते दोन पावलं मागे सरले, छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी अदबीनं म्हणाले, "बीबी, जंग कहाँ छिड़ी है?"

छत्री दादाला परत केली.

मग चौकातल्या दुकानातून तोंडाला लावायच्या स्नोची डबी आणली. लावल्यावर पाच मिनिटं फार बरं वाटलं. गार, सुवासिक. पण अर्धा चढ चढेपर्यंत घाम फुटला आणि स्नो ओघळून हनुवटीवर जमा झाला. त्यावर रस्त्याची धूळ. कचेरीत पोचले तेव्हा तोंडावर नद्यांचा नकाशा उमटलेला. वासामुळे एक गांधीलमाशी दारापर्यंत सोबत करत आली, ती वेगळीच.

त्यानंतर मुलतानी माती. ही सूचना वहिनींची. पातळ लेप लावायचा आणि तसंच जायचं. ऊन लागलं नाही, हे खरं. पण माती वाळली की चेहरा खापरासारखा ताठ. हसायचं नाही, बोलायचं नाही, जांभई तर नाहीच. साहेबांनी मजकूर सांगायला बोलावलं. मी मान हलवून "हूं, हूं" करत लिहून घेत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "पत्र आज जाईल ना?" मला "हो" म्हणावंच लागलं आणि गालाचा एक पोपडा सुटून थेट त्यांच्या सहीच्या जागेवर पडला. साहेबांनी तो फुंकून उडवला आणि छताकडे पाहिलं. बराक जुनी होती. त्यांना वाटलं, गिलावा पडला.

आमच्या हेडक्लार्कना मात्र तसं वाटलं नाही. हे गृहस्थ नागपूरचेच, चाळिशीतले, गोल चेहऱ्याचे, काळी टोपी कधी डोक्यावरून न उतरवणारे. इथले लोक त्यांना बडे बाबू म्हणत. बायको आणि दोन मुली नागपुरात. "काय करणार, घरच मिळत नाही," असं ते सगळ्यांना सांगत आणि सात-आठ नागपूरकरांच्या मेसमध्ये रोज संध्याकाळी पत्ते कुटत. माझ्या तोंडावर त्यांचं बारीक लक्ष असे. पोपडा पडला त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, जरा बेतानं. तुम्ही सरकारला चुना लावताय."

सगळी बराक हसली. मला हसता येत नव्हतं, उरलेली माती तडकली असती.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. तिथले कंपाउंडर अस्सल भोपाळी, पान खाऊन ओठ लाल. मी नाक दाखवलं. त्यांनी बरणीतून पांढरंशुभ्र जस्ताचं मलम काढून डबीत भरलं. "ये लगाओ. सूरज का बाप भी अंदर नहीं आएगा."

खरंच नाही आला. पण ते मलम इतकं दाट की भिंतीला रंग मारल्यासारखं दिसे. चढावर एका टांग्याचा घोडा मला बघून बिचकला. टांगेवाल्यानं त्याला समजावलं, "कुछ नहीं है बेटा, दफ़्तर की बाई है।" मी पुन्हा दवाखान्यात.

"अब क्या हुआ?"

"ऊन नहीं लगता," मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "पर घोड़ा डरता है।"

कंपाउंडर इतके हसले की त्यांना उठून खिडकीतून पान थुंकावं लागलं. पण माणूस मोठ्या मनाचा. मला बाकावर बसवून म्हणाले, मलम नको, जस्ताची नुसती भुकटी ने. गुलाबपाण्यात कालव. फुटू नये म्हणून ग्लिसरीन टाक, पण थेंब मोजून. रंगाचं तुझं तू बघ.

पुढचे दहा-बारा दिवस आमचं स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळा. ग्लिसरीन जास्त झालं की तोंडाला माश्या चिकटायच्या, कमी झालं की पुन्हा तडे. रंग तर पांढराच. शेवटी वहिनींना सुचलं, मातीच मिसळायची. मुलतानीची एक चिमूट, गेरूची नखभर, आणि हलवायचं. वहिनी माझ्या मनगटावर थेंब लावून दाराच्या उजेडात नेत, मान वाकडी करत, "अजून पिठूळ आहात," म्हणत आणि पुन्हा ढवळत. एका सकाळी त्यांनी थेंब लावला आणि त्यांना तो सापडेचना. कातडी कुठे संपते नि लेप कुठे सुरू होतो, कळत नव्हतं.

त्या दिवशी मी चढ चढून कचेरीत गेले, दिवसभर बोलले, हसले, दोनदा जांभई दिली. काही पडलं नाही, ओघळलं नाही, चिकटलं नाही. तोंडावर काही आहे हे दुपारपर्यंत मीच विसरले. आठवड्यात चट्टे मावळले.

आणि आठवड्यात बडे बाबूंच्या लक्षात आलं. एव्हाना त्यांचं स्वतःचं नाक सोलायला लागलं होतं. ते सायकलनं येत, आणि काळ्या टोपीला पुढे छज्जा नसतो. माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी घसा खाकरला.

"बाई, ते तुम्ही जे काही लावता…"

"चुना?"

"अहो, ते मी गमतीनं म्हणालो. एक बाटली मिळेल का? माझ्यासाठी नाही हो. घरच्यांसाठी."

घरचे नागपुरात. पण मी अगदी गंभीरपणे म्हटलं, "देईन की."

घरी येऊन वहिनींना सांगितलं. आम्ही बाटली भरली. भरताना मला त्यांचं ते "सरकारला चुना" आठवलं आणि माझा हात मसाल्याच्या डब्याकडे गेला. वहिनींनी पाहिलं. त्या मला अडवतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "चिमटीनं काय होतंय? चमचा घ्या."

हळद ओली असताना मातीच्या रंगात लपून जाते. अंगावर वाळली की मग आपलं नाव सांगते. बडे बाबूंनी सकाळी मेसच्या अंधाऱ्या खोलीत, तळहाताएवढ्या आरशात बघून लेप लावला असणार. सायकलवर घाम आला, ऊन लागलं, आणि ते बराकीत शिरले ते कपाळापासून हनुवटीपर्यंत पिवळेधमक. वर काळी टोपी.

चपराशानं आधी पाहिलं. त्यानं कपाळाशी हात नेऊन सलाम केला. "बडे बाबू, मुबारक हो!"

बडे बाबूंना वाटलं, त्यांच्या कायम होण्याचे कागद आले. ते खूश. "आपकी दुआ है," म्हणाले. मग शेजारच्या खोलीतले दोघं येऊन हात मिळवून गेले. त्यांनाही "दुआ है." साहेब आत येताना थबकले. "अच्छा, तो ये बात है! छुट्टी चाहिए तो अर्ज़ी दे दीजिए।"

"अभी नहीं साहब, पहले ऑर्डर हाथ में आने दीजिए," बडे बाबू लाजत म्हणाले.

मी टाइपरायटरच्या मागे जेवढं वाकता येईल तेवढी वाकले होते.

शेवटी रेकॉर्डरूममधला एक नागपूरकर धावत आला. "अहो, हे काय चालवलंय? घरी बायको असताना! नवा कायदा माहीत नाही का? नोकरी जाईल!" तेव्हा कुठे बडे बाबू नळाकडे धावले. तिथे त्यांनी घाईघाईनं कपडे धुण्याचा साबण चोळला. आणि हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे कुठल्याही बाईला माहीत असतं. परत आले ते कुंकवाच्या करंड्यात पडल्यासारखे.

माझ्याकडे त्यांनी नुसतं पाहिलं. बाटली घरच्यांसाठी मागितलेली, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. मी हळूच म्हटलं, "इथली माती जरा पिवळीच असते, बडे बाबू."

माझ्या मते ही गोष्ट इथे संपायला हवी होती. पण कुणीतरी नागपूरला पत्र टाकलं. नवव्या दिवशी बराकीच्या दाराशी टांगा थांबला. त्यातून एक उंच बाई उतरली, मागोमाग दोन मुली, एक ट्रंक, एक वळकटी, एक पाटा आणि वरवंटा. सगळ्या बराकीत बाईमाणूस मी एकटीच, म्हणून ती सरळ माझ्या टेबलाशी आली. बडे बाबू नेमके साहेबांच्या खोलीत होते.

"तुम्ही नागपूरच्या ना?"

"हो."

"मग खरं सांगा बाप्पा. आमच्या ह्यांना हळद कोणी लावली?"

दोन्ही मुली माझ्याकडे टक लावून बघत होत्या. खोटं सुचेना.

"मी," मी म्हटलं.

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. वरवंटा टांग्यातच राहिला होता, नशीब. मग माझ्या ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो. मी भराभर सांगायला लागले: ऊन, सोललेलं नाक, घोडा, चुना, बाटली, चमचा. सांगता सांगता रडकुंडीलाच आले. "तुम्हाला एवढा प्रवास पडला. मी त्यांच्याशी बोलते, आत्ता सांगते, माझ्यामुळे झालं सगळं."

ती बाई ऐकता ऐकता समोरच्या स्टुलावर बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला, आणि खांदे हलताना पाहून मला वाटलं, हीही रडतेय. ती हसत होती.

"साबण लावल्यावर लाल झाले?"

"कानापर्यंत."

तिनं डोळे पुसले. "ह्यांना सांगितलं का तुम्ही, की तुमचंच काम म्हणून?"

"नाही."

"मग सांगू नका. घर मिळेपर्यंत तर मुळीच नका. सहा महिने झाले, मी वाट पाहून राहिली. दर पत्रात एकच, भोपाळात घर नाही, घर नाही."

तेवढ्यात बडे बाबू बाहेर आले. बायकोला पाहून त्यांच्या हातातली फाईल खाली पडली. तिनं चेहऱ्यावरचं हसू पुसून टाकलं, ते मी अजून विसरले नाही. जणू पाटी पुसली. "चला," ती म्हणाली, "नवीन मंडळी कुठे आहेत, दाखवा. ओटी भरते त्यांची."

घर चार दिवसांत मिळालं. दोन खोल्या, वर गच्ची, आमच्यापासून तीन गल्ल्यांवर. भोपाळात घरं होती तर!

पुढच्या सोमवारी बडे बाबू माझ्या टेबलाशी आले. नाक नव्यानं सोललेलं होतं.

"बाई, त्या बाटलीत नेमकं काय काय होतं?"

"जस्त, गुलाबपाणी, ग्लिसरीन, गेरू, मुलतानी."

"आणि?"

मी टाइपरायटरमधला कागद सरळ केला. त्यांनी एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "हे सगळं तीन-तीन प्रतींत. आजच." त्या दिवशी मी अंधार पडायच्या जरा आधी सुटले. पंधरवडाभर असंच चाललं. मी एका शब्दानं तक्रार केली नाही.

त्यांच्या बायकोचं नि वहिनींचं मात्र जमलं. रविवारी सकाळी ती मुलींना घेऊन आमच्याकडे येई. तिघी मिळून आम्ही चार-पाच बाटल्या भरत असू, कारण एव्हाना कचेरीतल्या आणखी दोन-तीन घरांतून मागणी यायला लागली होती. कंपाउंडरांनाही एक पोचवली. त्यांनी ती उजेडात धरून हलवून पाहिली. "अब घोड़ा क्या कहता है?" म्हणाले.

बडे बाबूंची बाटली त्यांची बायको स्वतः भरे. हळदीचा डबा ती तेव्हा ओट्यावरून उचलून माझ्या हातात देई, आणि झाकण घट्ट लागेपर्यंत मला तो घेऊन अंगणात उभी राहायला लावी.