तिचं ताट आणि मेल्या

सुनेनं पिल्लाला नाव ठेवलंय, इंग्रजी. माझ्या जिभेवर ते बसत नाही. मी त्याला मेल्या म्हणतो. मेल्या म्हटलं की शेपटी हलवत येतो, मग झालं की.

बायको गेली, त्यानंतर काही महिन्यांनी हे आलं. सुनेला परळला एका उभ्या टेम्पोखाली सापडलं, काळंकुळकुळीत, पोटाला माती लागलेली. ओढणीत गुंडाळून घेऊन आली. "बाबा, तुम्हाला सोबत होईल," बोलली. मी बोललो, "मला सोबत नको, माझी बायको पाहिजे." तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं. पिल्लू माझ्या लेंग्यावर मुतलं. तिथून आमची ओळख.

आमच्या घरात कधी कुत्रं नव्हतं. चाळीत माणसंच पाळीपाळीनं झोपायची, कुत्रं कुठे ठेवणार? आता चाळीच्या जागी टॉवर आहे आणि आम्ही खूप वर राहतो. लालबागचा रस्ता खाली दिसतो, आवाज मात्र येत नाही. दुपारी ऊन आणि धुरकं एक होऊन सगळं पांढरं पडतं, लांबची मिलची चिमणी तेवढी त्यातून वर निघते. मुलगा-सून कामावर गेलेले असतात. अशा वेळी मी जागा आहे की झोपेत, मलाच कळत नाही. आत भांडं वाजतं आणि मी विचारतो, "काय गो, चहा टाकलास?" थोडा वेळ थांबतो. मग भांड्यामागून मेल्या बाहेर येतो.

पहिले दिवस बरे गेले. चप्पल चावायचा, लेंग्याची नाडी ओढायचा. पिल्लूच ते, दात शिवशिवतात. पण पुढे त्याचं वागणं फिरलं. तोंडाशी काही असलं की अंग आखडायचं, डोळ्यांचे कोपरे पांढरे व्हायचे आणि गळ्यातून मोटार चालू झाल्यासारखी गुरगुर. एवढंसं ते, पण अंगावर काटा यायचा. सुनेच्या हातून चपातीचा तुकडा पडला, ती उचलायला वाकली, तर बोट फोडलं तिचं.

मुलानं मोबाईलवर बघून उपाय काढला. "बाबा, त्याला दाखवायला लागतं मालक कोण ते." त्याची मान धरून लादीवर दाबायची, जेवताना मुद्दाम वाटीत हात घालायचा. मी पण शहाणा, पेपरची गुंडाळी करून दोन लावल्या. झालं काय, तर आधी वाटीजवळ गेल्यावर गुरगुरायचा तो आता आम्ही खोलीत शिरलो तरी गुरगुरायला लागला. आणि एका रविवारी वाटीत घातलेला मुलाचा हात त्यानं मनगटाशी धरला. रक्त आलं, सुया घ्यायला लागल्या.

संध्याकाळी मुलगा पट्टी बांधलेला हात घेऊन बसला. "आणखी एकदा चावला तर वसईला सोडणार. मित्राची वाडी आहे, तिथे राहील बांधलेला."

सून बोलली, "अरे, लहान आहे तो."

"उद्या आपल्याला मूल झालं म्हणजे? तेव्हा पण लहान आहे म्हणशील?"

मी म्हटलं, "बांधून ठेवायचं तर सरळ टेम्पोखालीच नेऊन ठेव ना."

"बाबा, तुम्हीच म्हणत होता ना, सोबत नको?"

म्हणत होतो. पण रात्रीचा मेल्या माझ्या पायाशी झोपायला लागला होता, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. पहाटे जाग येते, कॉटची एक बाजू रिकामी असते, तेव्हा पायाला त्याचा श्वास लागतो. तेवढ्यावर मी पुन्हा झोपतो. तो गेला असता तर मी काय केलं असतं, देवाला ठाऊक.

दादरच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. तिनं त्याला मांडीवर घेतलं, तर हा शहाण्यासारखा बसला. ती बोलली, "वाईट नाहीये तो, घाबरलाय. मारणं बंद करा, मान दाबणं बंद करा, वाटीत हात घालणं तर आजपासून बंद. आणि मला सांगा, त्याच्या तोंडचं खाणं कोणी काढून घेतं का?"

सून बोलली, "नाही हो." मुलगा बोलला, "मी वाटीत हात घालतो, ते आत्ता आत्ता. आधी नाही." मी पण नाही म्हटलं. खरंच वाटत होतं मला तसं.

आता इथे एक सांगायला लागेल. आमच्याकडे माणूस गेलं की पहिलं वर्षभर अमावास्येला त्याच्या नावानं ताट वाढतात. मी रोज वाढायचो. सून सकाळी करून जाते त्यातलंच, पण माझ्या बायकोला आवडायचं तसं. भात मऊ, वर बांगड्याचं तिकलं, म्हणजे घट्ट तिखट कालवण, कडेला सोलकढी. फोटो खुर्चीवर, ताट खाली लादीवर. ताटाभोवती पाणी फिरवायचं आणि डोळे मिटून बसायचं. मी जरा जास्तच बसायचो. डोळे मिटले की ती यायची. ओल्या हातांनी पदर खोचत समोर बसायची, "मीठ कमी पडलंय हो," म्हणायची. तिच्याशी बोलून झालं की ताट उचलायचं आणि खाली कंपाउंडच्या भिंतीवर कावळ्यांना नेऊन ठेवायचं. आमच्या खिडकीला कबुतरांची जाळी आहे.

दादरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ताट वाढलं, डोळे मिटले. ती आली नाही. उगाच डोळे उघडले. मेल्या ताटापुढे बसला होता, लाळ लादीवर. जीभ लावली होती, भाताला तेवढं भोक. मी नेहमीसारखा हात पुढे केला. त्याचं अंग आखडलं. डोळ्यांचे कोपरे पांढरे झाले.

माझा हात तिथेच राहिला.

रोज हेच चाललं होतं. माशाचं ताट त्याच्या नाकासमोर जमिनीवर यायचं, वाफ निघायची, म्हातारा डोळे मिटायचा. हा तोंड लावायचा आणि दुसऱ्या क्षणी ताट वर. घास ओठातून ओढल्यासारखं. कधी कधी वर एक चापट. त्याला काय ठाऊक ते कोणाचं? डॉक्टरीणबाईला मी खोटं नव्हतो बोललो. ते ताट मेल्याचं नव्हतंच, तिचं होतं. म्हणून ते काढून घेणं मला काढून घेणं वाटलंच नाही.

मी हात मागे घेतला. फोटोकडे बघितलं. म्हटलं, "आता बोल गो, काय करू?" काटे तेवढे त्याच्यापासून दूर सरकवायला हवे होते, पण हात घालायची सोय नव्हती. मी आत गेलो, उकडलेल्या कोंबडीचा तुकडा आणला आणि लांब भिरकावला. तो तिकडे धावला तेव्हा ताट उचललं. परत येऊन त्यानं रिकामी लादी चाटली, माझ्याकडे बघितलं. मग आणखी एक तुकडा दिला. गुरगुरला नाही.

त्या दिवसापासून रोजचं ताट बंद. अमावास्येला वाढतो, ते ओट्यावर, दार लावून. मुलाला सगळं सांगितलं. तो कपाळाला हात लावून बोलला, "बाबा, आणि मी उगाच त्याची मान दाबत बसलो."

मेल्याची वाटी गॅलरीच्या कोपऱ्यात गेली. तो खात असला की कोणी जवळ जायचं नाही. जायचंच तर लांबून काहीतरी चांगलं टाकत जायचं, सुक्या मासळीचं डोकं, कोंबडीचा तुकडा, आणि न थांबता पुढे निघायचं. मी दिवसभर घरी, म्हणून हे काम माझं. आधी दारातून टाकायचो. मग दोन पावलं आत. मध्येच एखाद्या दिवशी पुन्हा गुरगुरायचा, तेव्हा आपण मागे यायचं, रागवायचं नाही. मला न रागावणं जमत नाही. शिव्या द्यायचो, पण हळू आवाजात, गोड करून. त्याला आवाजच कळतो.

परवा मुलगा घरी होता. हातात कोंबडीचा तुकडा घेऊन गॅलरीत गेला. मेल्या खात होता. मी दाराशी उभा. त्यानं वाटीतून मान वर केली, मुलाचा हात बघितला. वाटी तशीच टाकून शेपटी हलवत त्याच्याकडे आला आणि बोटांतून तुकडा अलगद काढून घेतला.

"वसईवाल्याला फोन कर," मी बोललो.

"करतो हो. इथेच राहू दे त्याला."

दुपार परत तशीच पांढरी असते. माझे हात अजून जास्तीचा भात काढतात. मग मी तो माझ्याच ताटात घेतो आणि सावकाश खातो, तिला आवडायचं तसं तिकलं घालून. ती डोळे मिटल्यावर येते, नाही असं नाही. पण आता रोज येत नाही.