इकामा संपतोय, असं मी सांगितलं

आमची मुलगी कुवेतमध्ये एका खासगी विद्यापीठात समाजशास्त्र शिकत होती. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांतही वर्ग करून तिने इतकी क्रेडिट जमवली होती की जानेवारीतच पदवी घेऊन मोकळी होऊ शकत होती. नाहीतर आणखी वर्षभर राहून ऑनर्सचा प्रबंध लिहायचा. प्रबंध असेल तर बाहेरच्या विद्यापीठांत तुझा अर्ज कोणी सहजासहजी बाजूला ठेवणार नाही, असं तिच्या प्राध्यापिकेने सांगितलं होतं. तिचं मन प्रबंधाकडे होतं. तरी ती आधी मला विचारायला आली. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

विषयही तिने शोधून ठेवला होता. फोन परवडत नसत त्या काळात कुवेतच्या हवल्ली भागातल्या खोल्यांवर राहणारे कोकणातले सुतार, वेल्डर पत्राऐवजी कॅसेट भरून घरी पाठवत. सुट्टीवर निघालेल्या कोणाच्या तरी बॅगेतून ती जायची आणि घरच्यांची उलट कॅसेट यायची. या आलेल्या कॅसेटी काहींनी जपल्या होत्या. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळखी काढून तिने त्या ऐकायला मिळवल्या होत्या.

"सुतारांच्या बायकांचं रडणं ऐकून डिग्री देतात का आता?" मी जेवताना म्हणालो.

"रडत नाहीत बाबा त्या. शिव्या घालतात. एक बाई तर पूर्ण एक साइड फक्त म्हशीबद्दल बोलते."

बायको हसली. मी नाही. "मग म्हशीवर प्रबंध लिही."

"यू डोन्ट गेट इट."

"मराठीत बोल."

"तुम्हाला कळत नाहीये. मराठीतही नाही कळणार."

त्याच आठवड्यात इस्पितळाच्या संचालकांनी मला बोलावलं. मी तिथल्या प्रयोगशाळेचा प्रमुख होतो आणि साठीला आलो होतो. वर्षभराची मुदतवाढ देतो, म्हणाले, पण प्रमुख आता दुसरा असेल. हा दुसरा म्हणजे सांगलीकडचा एक माणूस. तपासणीसाठी रक्ताची काच कशी रंगवायची तेही मीच त्याला शिकवलं होतं. मी तिथल्या तिथे नको म्हणालो. बाहेर पडलो तर तो दारातच उभा होता. "सर, खुर्ची तुमचीच राहू दे. मला कोपऱ्यातलं टेबल पुरे," म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला, हे आज कळतं. तेव्हा मला ती भीक वाटली. मी त्याच्याशी शेवटपर्यंत धड बोललो नाही.

घरी येऊन मी सांगितलं, "इकामा संपतोय. वाढवून देत नाहीत."

इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. माझा नोकरीवर, बायको-मुलीचा माझ्यावर. आमच्यासारख्या घरांत हा शब्द निघाला की वाद तिथेच संपायचा. शाळा, लग्न, नवा सोफा, काहीही असो. कोणी आजारी आहे म्हटलं तर लोक काय झालं ते तरी विचारतात. इकामा संपतोय म्हटल्यावर कोणी काही विचारत नाही, माळ्यावरच्या बॅगा काढतात. कागद अरबीत, ऑफिसातली धावपळ इस्पितळाचा माणूस करणार, आणि निरोप आणणार मी. खरंखोटं करणार कोण? मला हे पक्कं माहीत होतं, म्हणूनच मी तो शब्द वापरला.

तिने एक प्रयत्न केला. "विद्यापीठ त्यांच्या नावावर माझा इकामा काढेल का, विचारू?"

"विचार. राहा इथे सालमियात खोली घेऊन एकटी. मग आमचं तोंड बघायला येऊ नकोस."

ती बायकोकडे वळली. बायको म्हणाली, "बाबा म्हणतायत ना, मग तसंच असेल." मुलीने विद्यापीठात विचारलं नाही.

कॅसेटी परत करायला हवल्लीला मीच तिला गाडीतून घेऊन गेलो. एक म्हातारा सुतार खाली आला. "काय गो बाय, झाला लिवून?"

"नाही काका. आम्ही निघालो परत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "इकामा?"

मी मान हलवली. "खलास," तो म्हणाला आणि कॅसेटींची पिशवी घेऊन वर गेला.

जानेवारीत तिला पदवी मिळाली. मंडळाने मला निरोपाचं जेवण दिलं आणि माझ्या जागी आलेल्या त्या सांगलीच्या माणसाने भाषण केलं. माझं कौतुक करायचं म्हणून तो म्हणाला, "सरांना वर्षाची मुदतवाढ देत होते. आम्ही सगळ्यांनी हातापाया पडून सांगितलं. पण मानी माणूस! नाही म्हणजे नाही." टाळ्या पडल्या. मुलगी वाढायला उभी होती. तिने हातातलं भांडं टेबलावर ठेवलं आणि ती बाहेर गाडीपाशी जाऊन थांबली.

परतताना तिने विचारलं, "एक वर्ष होतं?"

"होतं."

"मला एक वर्षच हवं होतं."

"म्हणजे मी माझ्या शिष्याच्या हाताखाली मान खाली घालायची, आणि तू म्हशीची गाणी ऐकायची?"

मागून बायको म्हणाली, "गाडी थांबवा." मी थांबवली नाही.

इतकं करूनही मी गप्प बसलो नाही. पुण्यात आल्यावर नातेवाईक विचारू लागले, इतकी हुशार मुलगी, ऑनर्स का नाही केलं? "तिलाच कंटाळा आला, सोडला प्रबंध," मी म्हणालो. ती चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. माझ्या बहिणीने ते वाक्य उचललं आणि आजतागायत सोडलेलं नाही. नातवंडांनी क्लास बुडवला की ती माझ्या मुलीचं उदाहरण देते. एका मुंजीत तर तिच्या तोंडावर म्हणाली, "अर्धवट सोडायची सवय वाईट गं बाई." मी शेजारी बसून मठ्ठा पीत होतो.

बाहेरच्या विद्यापीठांकडे मुलीने अर्ज केले. कुठेच झालं नाही. मग तिने नोकरी धरली. प्रबंध असता तर झालंच असतं, असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही. थांबायचं की निघायचं हे तिने ठरवायचं होतं, आणि मी खोटं बोलून ते तिच्याकडून काढून घेतलं. बहिणीला तिच्याबद्दल जे माहीत आहे तेही खोटं आहे आणि माझ्याकडून गेलेलं आहे.

हे लिहितोय, असं मी तिला फोनवर सांगितलं.

"आता का?"

"लोकांना खरं कळावं."

"की तुम्हाला हलकं वाटावं?"

मी समोरचे कागद सारखे करत राहिलो.

"लिहा," ती म्हणाली. "पण आत्याला समोर बसून वाचून दाखवा. पाठवून मोकळे होऊ नका."

"आणि तुला?"

"मला नको. मी तिथे होते."

बहिणीला रविवारी येतो म्हणून कळवलं आहे. काय करू जेवायला, तिने विचारलं. काही करू नकोस, म्हणालो.