विणणे आहे

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही मी कोणाला दाखवणार नाही, तरी आधी माफी मागते, कारण माझ्या लिहिण्याने एकदा घराचे वाटोळे झाले. तेच लिहायला बसले आहे.

लढाईची वर्षे होती. नगरात आमच्या घरी हातमाग होता. हे विणायचे, मी रहाटावर सुताच्या कांड्या भरायचे आणि सासूबाई पोरांना सांभाळायच्या. सूत मिळेनासे झाले होते. शेजारचे दोन माग बंद पडून त्यांची लाकडे चुलीत गेली होती. अशात बातमी आली की गावाबाहेर बादशाही बागेत, तळ्यातल्या पडक्या महालाभोवती, चार दिवस प्रदर्शन भरणार. कुंभार चाकावर मडकी करून दाखवणार, विणकर विणून दाखवणार, पोरांना पाळणे आणि चक्री. मांडलेला माल तिथेच विकताही येणार होता.

ह्यांनी सुताच्या व्यापाऱ्याकडून चाळीस रुपये उसने घेतले आणि रेशीम आणले. दीड महिना खपून नऊवारी लुगडे विणले. हिरवे, तांबड्या काठाचे. पदरावर एक मोर जास्तच घातला. मी म्हटले, "अहो, एवढे मोर कोण मोजणार?" तर म्हणाले, "शहरातल्या बायका मोजत्यात. हे लुगडं गेलं तर माग राहील. न्हाई गेलं तर मागच इकावा लागंल."

बागेत खड्डा खणून माग बसवला. लुगडे दोरीवर पसरले. तिथल्या कारकुनाने नियम सांगितला, ज्या वस्तूवर 'विकणे आहे' अशी चिठ्ठी असेल तीच विकायची, बाकीच्या नुसत्या बघायच्या. भाव चिठ्ठीवर घालायचा नाही, तोंडी सांगायचा. गिऱ्हाइकांनाही दरवाजातच तसे सांगत होते. त्याने पुठ्ठा आणि दौत-टाक पुढे केला. ह्यांना लिहिता येत नव्हते. सगळ्यांच्या देखत ते मोठ्या आवाजात म्हणाले, "आमच्या घरची चौथी शिकल्याली हाय. ती लिव्हील."

चार परके पुरुष बघत होते. पदर दातात धरून मी लिहिले. शाई वाळायच्या आत ह्यांनी पुठ्ठा उचलला आणि लुगड्याला टाचला. माझ्याकडे बघून हसले. तसे ते फार वेळा हसत नसत.

पहिले दोन दिवस लोकांची रीघ होती. बाया लुगड्याला हात लावून बघायच्या, वाचायच्या आणि पुढे जायच्या. शेजारच्या सतरंज्या गेल्या, कुंभाराची खेळणी गेली. आमच्याकडे भाव कोणी विचारला नाही. मागावर धोटा फेकता फेकता हे म्हणायचे, "काठ लई भडक झाला का गं?" मी नाही म्हणायचे. दुसऱ्या संध्याकाळी ते मोराकडेच बघत बसले होते.

तिसरा दिवस फक्त बायकामुलांचा. त्या दिवशी पुरुषाला आत सोडत नव्हते, तिकिटेही बायाच फाडत होत्या. बुरख्यातल्या बाया, वाड्यांतल्या बाया, सगळ्या मोकळेपणाने फिरत होत्या. पोरे महालाच्या पायऱ्यांवर ओरडून आपलाच आवाज परत ऐकत होती. हे दरवाजापर्यंत आले. म्हणाले, "आज तूच हायेस. भाव पंचावन्न सांग. पन्नासला दे. आन् बोल जरा."

मी रहाट घेऊन मान खाली घालून बसले. दुपारी एक बाई आली, बरोबर दोन मुली. त्या बाईने पदर हातात घेतला आणि मोर मोजले. खरेच मोजले. मग धाकटी मुलगी चिठ्ठी मोठ्याने वाचू लागली, "हे लुगडे वि-ण-णे आहे. आई, इथं चुकलंय."

माझा हात रहाटावरच थांबला.

"चुकलं नाही गं," बाई म्हणाली. "विणून दाखवताहेत ना, म्हणून तसं लिहिलंय. विकायचं असतं तर 'विकणे' लिहिलं असतं." पण तिचा हात पदरावरून निघेना. ती वाकून मला म्हणाली, "बाई, विकायचं नाही ना हो हे?"

मला विकायचे आहे, असे म्हणायचे होते. त्याआधी चूक माझी आहे असेही म्हणावे लागले असते. मी मान हलवली. ती कशी हलली ते मला आजही सांगता येत नाही.

शेजारची कुंभारीण ओरडली, "अगं बोल की! जीभ काय गहाण ठिवलीस व्हय?" दोघी-तिघी हसल्या. मी आणखीच खाली वाकले.

"राहू दे हो," ती बाई म्हणाली, "लाजते बिचारी." धाकटी मागे वळून बघत होती. "चुकलंच आहे," ती म्हणाली. मी उठले तोवर त्या तळ्याच्या पलीकडे गेल्या होत्या.

घरात दिवसभर विणणे, विणणे, हाच शब्द असायचा. हाताने तोच लिहिला. दोन दिवस लोक वाचत होते आणि मी त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला बसले होते.

संध्याकाळी बाग रिकामी झाल्यावर मी काजळाच्या डबीत काडी बुडवून पहिल्या 'ण'चा 'क' केला. ह्यांना सांगितले नाही. चौथा दिवस समारंभाचा होता, आपापल्या पोरांची नाच-गाणी बघून लोक घरी गेले. आम्हाला एक कागद मिळाला. ह्यांनी तो माझ्यापुढे धरला, "वाच." मी वाचले, हातमागाचा उत्तम नमुना.

"मंग घेतलं का न्हाई कुनी?" ते म्हणाले.

मी कागदाची घडी घालू लागले.

लुगडे दिवाळीनंतर अर्ध्या भावात गेले, ते पैसे धान्यातच गेले. मग माग विकला. त्याचे आले ते व्यापाऱ्याला दिले, तरी सगळे फिटले नाहीत. हे कोपरगावकडे साखर कारखान्यात मजुरीला लागले. मी विड्या वळू लागले. हे एकदा सुटीवर आले असताना सासूबाई त्यांना म्हणाल्या, "शेजारी कुणी माग टाकलाय, जाऊन बघ." तर म्हणाले, "आता कशाला? माझ्या हाताला गिऱ्हाईक न्हाई, बागेत चार हजार डोळ्यांनी बघितलं." आत चुलीपुढे मी ते ऐकले. उठून सांगावे असे वाटले आणि उठले नाही.

हात मात्र चांगला होता. ती बाई मोर मोजत होती.

काल ते आले होते. राहिलेले सहा रुपये घेऊन आम्ही दोघे व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने ते पेटीत टाकले आणि सुपारी पुढे केली. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "फिटलं एकदाचं." मी मान हलवली.