खिडकीकडची जागा

विमानात स्वस्थ बसणं गार्लंड पार्डीला सतरा वर्षांत जमलं नव्हतं. चौदा दिवस अल्बर्टातल्या तेलवाळूच्या खाणीवर पाइप जोडायचे, चौदा दिवस न्यूफाउंडलंडमध्ये घरी काढायचे, आणि या दोहोंच्या मध्ये जवळजवळ सगळा कॅनडा आडवा पसरलेला. जाताना साडेसहा तास, वारा पाठीशी असला तर येताना साडेपाच. अशा वर्षाला सव्वीस खेपा.

उमेदीची वर्षं त्याने बापाच्या बोटीवर काढली होती. बोटीवर माणूस उभाच असतो. पाण्याच्या तालावर कधी या पायावर, कधी त्या पायावर भार जातो, ते त्याला कळतही नाही. कॉड मासा आटला, सरकारने मासेमारी बंद केली, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. पुढे दहा वर्षं मिळेल ते काम केलं आणि मग गावातल्या निम्म्या पुरुषांसारखा तोही खाणीच्या विमानात चढला.

त्या विमानात वेळ मारण्याचा प्रत्येकाचा उपाय ठरलेला असतो. मधल्या चार रांगांत पत्ते चालतात. परांच्या बांधणारा क्लेरन्स बंगी, शंभर किलोंचा गडी, खेपेला एक जोडी लोकरी हातमोजे विणून उतरतो. त्याला कुणी हसत नाही, कारण निम्म्या विमानाच्या हातात त्याचेच मोजे असतात. गार्लंडचा उपाय म्हणजे उभं राहणं. ज्याच्या खेपा जास्त, त्याला वाटेकडची जागा, असा न लिहिलेला नियम होता, त्यामुळे ती जागा त्याची ठरलेली. पट्टे बांधायचा दिवा विझला की तो उठायचा आणि मागे चहाच्या कपाटाशी जाऊन उभा राहायचा.

“काका, ट्रे देऊ का हातात?” हवाईसुंदरी इव्हॉन म्हणायची. “उभेच आहात तर वाटून तरी टाका.”

ऑक्टोबरात त्याच्या उजव्या पोटरीत रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या, पाय आवळून धरणारे लांब मोजे दिले आणि बजावलं, की विमानात तासातासाने उठून चालायचं. पुन्हा गुठळी झाली तर विमान बंद.

विमान बंद म्हणजे काम बंद. पूर्ण पेन्शनला तीन वर्षं होती. ती एक पाळी त्याने पाठ धरल्याचं सांगून घरी काढली. त्यानंतर खाणीच्या कॅम्पवर पोचलं की भरायच्या फॉर्मवर ‘तब्येतीत काही बदल?’ या प्रश्नापुढे तो दर वेळी ‘नाही’ लिहीत आला. खरं काय ते फक्त विनीला, त्याच्या बायकोला, माहीत होतं.

“तिकडे कुणाला सांगायचं नाही, हे मी चालवून घेते,” ती म्हणाली होती. “पण मला खोटं सांगितलंस तर मी स्वतः फोन करीन त्यांना.”

गोळ्या एप्रिलमध्ये संपल्या. मेच्या दुसऱ्या आठवड्यात परतीच्या दिवशी नेहमीचं विमान बिघडलं आणि कंपनीने भाड्याने दुसरं आणलं. हे लहान होतं, वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या. चढताना ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल ती जागा. गार्लंडला खिडकी आली.

तो आत सरकून बसला. मागोमाग क्रेनवाल्यांचा मुकादम सेल्बी टिझर्ड आला, शेजारी आदळला आणि डोळे मिटून गप्प झाला. दोघेही रुंद अंगाचे. खांद्याला खांदा असा चेपला गेला, की एकाने श्वास घेतला तर दुसऱ्याची बरगडी हलावी.

रात्रपाळी सकाळी सहाला सुटते आणि ती माणसं अंघोळही न करता थेट विमान गाठतात. रात्रपाळीवरून आलेल्याला उठवायचं नाही. जेवणासाठी नाही, पत्त्यांसाठी नाही, खिडकीतून काही दिसलं म्हणून तर मुळीच नाही. एका नवख्याने एकदा कॉफी हवी का विचारायला एकाला हलवलं होतं. पुढे दोन वर्षं सगळे त्याला ‘गजर’ म्हणत.

गार्लंडने सेल्बीच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि आपलेही मिटून घेतले.

पहिला तास त्याने घोटे फिरवण्यात घालवला. मग मनातल्या मनात बोट बांधायला घेतली. कणा टाकला, फळ्या चढवल्या, सातव्या फळीशी लक्ष उडालं आणि पोटरीवर आलं. बूट काढले. मोजा वर ओढला. दोन तास झाले. समोरच्या खुर्चीवरच्या शिवणीचे टाके त्याने दोनदा मोजले, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. अर्धवट उठून सेल्बीच्या गुडघ्यांवरून टांग टाकता येते का, ते पाहिलं. डोकं सामानाच्या कपाटाला लागलं, कोपर सेल्बीच्या दंडाला. सेल्बीने डोळे उघडले नाहीत. गार्लंड खाली बसला.

वाटेपलीकडून क्लेरन्सने सुया थांबवून खुणेने विचारलं, काय झालं? गार्लंडने सेल्बीकडे बोट दाखवलं.

“मग मेलास तू,” क्लेरन्स कुजबुजला आणि पुन्हा विणायला लागला.

गार्लंडला ते लागलं. एकदा हात लावायचा, म्हणायचं, सेल्बी, पायाला गुठळी झाली होती रे, जरा जाऊ दे. पण सेल्बी खाणीच्या सुरक्षा समितीवर होता. ऐकलं तर त्याला वर कळवावं लागणार. तिसरा तास असा गेला. इव्हॉन गाडी घेऊन आली, दोघांचे मिटलेले डोळे पाहून पुढे गेली, आणि गार्लंडला तिच्या गाडीवरच्या कॉफीचा वास तेवढा मिळाला.

साडेतीन तासांनी सेल्बी डोळे न उघडता पुटपुटला, “आई गं.”

गार्लंडने एक डोळा उघडला. “जागा आहेस?”

“खाली मॅनिटोबा आलं तेव्हापासून. मुतायला लागलंय.”

“मग जायचं ना! वाटेवर बसलायस!”

“मी हललो असतो तर तू जागा झाला असतास. झोपेत कोपर मारलंस तरी मी हललो नाही. रात्रपाळीचा ना तू?”

“मी? मी दिवसपाळीला होतो. तू रात्रपाळीचा!”

“मंगळवारपासून दिवसाला आहे बाबा मी,” सेल्बी म्हणाला, आणि पट्टा सोडून धावला. मागच्या रांगांत खसखस पिकली. कुणीतरी ओरडलं, “दोघांना अंगाई म्हणा रे!”

गार्लंडही हसत उठला. उजवा पाय टेकला आणि हसणं थांबलं. पोटरी खांबासारखी घट्ट झाली होती, गरमही लागत होती. तो वाटेत पुढे-मागे चार फेऱ्या मारून आला, बूट घालायला वाकला. डावा गेला. उजवा जाईना. त्याने नाडी पूर्ण सैल केली, बुटाची जीभ ओढली, तरी टाच बाहेरच.

सेल्बी परत येऊन उभा होता. “काय झालं?”

“बसून बसून सुजतात पाय.”

“एकच?”

 सेल्बीने त्याला वाटेकडच्या जागेवर बसवलं, स्वतः खिडकीकडे गेला आणि बाहेरचे ढग पाहायला लागला.

“आधी झालंय का?” त्याने तिकडेच बघत विचारलं.

“ऑक्टोबरात.”

“कंपनीला माहितीये?”

“नाही. आणि तू समितीवर आहेस.”

“खाणीवर आहे. इथे मी पाच तास लघवी दाबून बसलेला मूर्ख आहे.”

“साडेतीन,” गार्लंड म्हणाला.

“तुझे असतील.”

सेंट जॉन्सला विमान उतरलं तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. गार्लंडच्या गावाकडे जाणारी भाड्याची व्हॅन दाराशी लागली होती. गाव तीन तासांवर, व्हॅनमध्ये आठ माणसं, मांडीला मांडी लावून. व्हॅनवाला ओरडला, “पार्डीमामा, चला की! एक बूट कुठे टाकलात?”

बूट हातात होता. गार्लंड व्हॅनकडे पाहत उभा राहिला. घरी पोचून उद्या सकाळी बुरिनच्या दवाखान्यात गेलं, तर घरी पडलो म्हणता आलं असतं. रजेत झालं म्हणता आलं असतं.

“माझी गाडी तिकडे आहे,” सेल्बी म्हणाला. “हॉस्पिटल दहा मिनिटांवर. तुला हवं ते कर. मी काही ऐकलेलं नाही.”

गार्लंडने व्हॅनवाल्याला हाताने जा म्हणून सांगितलं.

गाडीतून त्याने विनीला फोन केला. “जेवायला थांबू नकोस.”

“किती वेळा उठलास?”

“एकदाही नाही. साडेतीन तास.”

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला. “कुठल्या हॉस्पिटलात नेतायत?” तिने विचारलं. त्याने सांगितलं. “निघते,” ती म्हणाली.

तातडीच्या विभागात काउंटरवरच्या मुलीने नाव, वय, दुखणं लिहून घेतलं. आज विमानाने आलात का, हे विचारलं. किती तास, हेही विचारलं. मग म्हणाली, “काम कुठे करता? हे हवं असेल तरच सांगा.”

सेल्बी भिंतीवरची हात धुण्याची सूचना वाचत होता.

गार्लंडने कंपनीचं नाव सांगितलं. कॅम्पच्या दवाखान्याचा नंबर त्याला पाठ होता, तोही सांगितला.

“त्यांना कळवायचंय का?” मुलीने विचारलं. “तसं असेल तर इथे सही लागेल.”

“पेन द्या,” गार्लंड म्हणाला.